टर्मिनलमधला ‘लाल’ कोणाच्या मालकीचा?

कमांड लाइनवरच्या साधनात चूक दाखवणारी ओळ लाल करायची असली की बहुतेक जण तयार लायब्ररी घेतात आणि पुढच्या कामाला लागतात. ते योग्यच आहे. पण ज्यांना अशी लायब्ररी स्वतः लिहायची आहे, किंवा आपल्या प्रकल्पापुरतं रंगांचं छोटं मॉड्यूल बनवायचं आहे, त्यांच्यासमोर सुरुवातीलाच एक प्रश्न येतो: रंगाचा टाइप कसा असावा? लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे ठेवले की झालं, असं सहज वाटतं. वेबवर आणि चित्रांच्या कामात ते पुरतंही. टर्मिनलसाठी मात्र हे उत्तर चुकीचं आहे, आणि ते एकदा स्वीकारलं की पुढे कितीही चांगला कोड लिहिला तरी दुरुस्त होत नाही. का, ते समजायला आधी टर्मिनलशी बोलायची रीत पाहू.

टर्मिनलला रंग सांगण्यासाठी वेगळी वाट नसते. मजकूर ज्या बाइटच्या ओघातून जातो, त्यातूनच रंगाचे आदेशही जातात. आदेशाची सुरुवात एस्केप या नियंत्रणाक्षराने होते, दशमान पद्धतीत २७. त्यामागोमाग डावा चौकोनी कंस, मग अर्धविरामांनी वेगळे केलेले आकडे आणि शेवटी रोमन लिपीतलं लहान ‘एम’. १९७६ चं एक्मा-४८ आणि १९७९ चं अमेरिकी एएनएसआय मानक यांतून ही रीत रुळली, म्हणून आजही सगळे तिला ‘अॅन्सी कोड’ म्हणतात. ती सर्वदूर नेली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हीटी१०० या १९७८ च्या टर्मिनलने, आणि त्याच्या पडद्याला रंग नव्हतेच.

रंगांसाठी आकडे ठरले ते असे: अक्षरांसाठी ३० ते ३७, पार्श्वभूमीसाठी ४० ते ४७. क्रम काळा, लाल, हिरवा, पिवळा, निळा, मजेंटा, सायन, पांढरा. या क्रमामागे तीन बिट आहेत: लाल १, हिरवा २, निळा ४. लाल आणि हिरवा मिळून ३, म्हणजे पिवळा. विंडोजच्या जुन्या कन्सोलमध्ये हेच बिट उलटे लावलेले आहेत, निळा १ आणि लाल ४. तिथे अॅन्सीचा क्रमांक तसाच पाठवला तर चूक दाखवणारी लाल ओळ निळी दिसते. पुढे आयबीएमच्या एआयएक्सटर्मकडून ९० ते ९७ आणि १०० ते १०७ हे उजळ रंग आले. एक्सटर्मने ‘३८;५;क्रमांक’ अशी २५६ रंगांची सारणी रुळवली. सगळ्यांत शेवटी ‘३८;२’ आणि त्यापुढे ० ते २५५ मधले तीन आकडे, म्हणजे थेट आरजीबी; यालाच ट्रूकलर म्हणतात.

आता यातला खरा मुद्दा. ३१ हा आकडा रंग सांगत नाही, जागा सांगतो. मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांचा क्रम ठरलेला असतो, पण कोणत्या वाटीत काय भरायचं ते त्या घरचं माणूस ठरवतं; पहिल्या सोळा रंगांचं तसंच आहे. ३१ पाठवलं की वापरकर्त्याने आपल्या टर्मिनलच्या सेटिंगमध्ये त्या जागी जो लाल भरला असेल तो उमटतो. कोणाचा भडक, कोणाचा विटकरी, कमी दिसणाऱ्या एखाद्याने मुद्दाम निवडलेला फिका नारिंगी. विंडोजनेच २०१७ मध्ये आपल्या कन्सोलच्या गडद निळ्याची किंमत ०, ०, १२८ वरून ०, ५५, २१८ केली, कारण काळ्यावर तो निळा वाचता येत नव्हता. आकडा तोच राहिला, रंग बदलला, आणि जगभरच्या प्रोग्रामना काहीही न करता वाचनीय निळा मिळाला. त्या प्रोग्रामनी निळा आरजीबीत लिहून ठेवला असता तर ही सुधारणा त्यांच्यापर्यंत पोचली नसती.

म्हणून लायब्ररी लिहिणाऱ्याने एक गोष्ट धरून ठेवावी: प्रोग्रामरने जे सांगितलं तेच साठवायचं. त्याने ‘लाल’ म्हटलं असेल तर ‘लाल’ ठेवा, १७०, ०, ० करू नका. त्याने सारणीतला २०८ मागितला तर २०८ ठेवा. त्याने आपल्या संस्थेच्या चिन्हाचा नेमका केशरी आरजीबीत दिला असेल तर ते तीन आकडे ठेवा. पडद्यावर प्रत्यक्ष काय पाठवायचं ते अगदी शेवटी, लिहिण्याच्या क्षणी ठरवा. पहिल्या प्रकारच्या रंगाचा मालक वापरकर्ता असतो, शेवटच्याचा प्रोग्रामर. हा मालकीचा फरक टाइपमध्ये दिसला नाही, तर तो पुढे कुठेच परत मिळवता येत नाही.

रस्टसारख्या भाषेत हा टाइप एनम म्हणून सरळ लिहिता येतो. चार शक्यता ठेवा: डिफॉल्ट, सोळांपैकी एक नाव, ० ते २५५ मधला सारणी-क्रमांक, आणि आरजीबी. सगळं मिळून चार बाइटमध्ये बसतं, त्यामुळे हा टाइप बिनधास्त कॉपी करता येतो. पायथॉनमधल्या रिच या लायब्ररीतही रंगासोबत त्याचा प्रकार साठवला जातो. डिफॉल्ट, स्टँडर्ड, आठ-बिट आणि ट्रूकलर हे वेगवेगळे ओळखले जातात. ज्या भाषेत असा एनम नसतो तिथे प्रकाराचं एक फील्ड आणि किंमतीचं दुसरं एवढं पुरतं. प्रकार आणि किंमत एकाच पूर्णांकात कोंबून ‘२५५ च्या वर असेल तर आरजीबी समजा’ असले संकेत करू नयेत. काळा आरजीबी म्हणजे शून्य आणि सारणीतलं शून्य यांची गल्लत ठरलेली आहे.

डिफॉल्टवर जरा थांबायला हवं, कारण इथे सर्वांत जास्त लायब्रऱ्या अडखळतात. अक्षरांचा डिफॉल्ट रंग म्हणजे ३९, पार्श्वभूमीचा ४९. हे पांढरा आणि काळा नव्हेत. पांढऱ्या पडद्यावर काम करणाऱ्याचं डिफॉल्ट अक्षर काळं असतं. त्याला ‘पांढरा’ पाठवला की मजकूर नाहीसा होतो. शिवाय ‘डिफॉल्ट हवा’ आणि ‘काही सांगितलंच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाल परिच्छेदात एक शब्द फक्त ठळक करायचा असेल, तर त्या शब्दाने रंगाबद्दल काही सांगितलेलं नाही, म्हणून तो लालच राहिला पाहिजे. पण एखाद्याने मुद्दाम डिफॉल्ट मागितला तर लाल तिथे थांबला पाहिजे. ‘काही सांगितलं नाही’ हे रंगाच्या टाइपमध्ये घालू नका. शैलीच्या टाइपमध्ये रंगाचं फील्ड ऐच्छिक ठेवा. मग दोन शैली एकमेकींवर ठेवताना नियम सोपा होतो: आतल्या शैलीने जे सांगितलं ते घ्यायचं, जे सांगितलं नाही ते बाहेरच्याकडून घ्यायचं.

ठळक, तिरपं, अधोरेखित यांनाही हाच न्याय लावा. ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन अवस्था पुरत नाहीत. ‘सांगितलं नाही’ ही तिसरी लागते. यातला एक जुना खड्डा लक्षात ठेवा. ठळक सुरू करण्याचा आकडा १, पण बंद करण्याचा २१ नाही, २२ आहे. २१ ला मानकात दुहेरी अधोरेखन म्हटलं आहे आणि काही टर्मिनल तसंच दाखवतात. २२ ने ठळक आणि मंद दोन्ही एकदम बंद होतात, म्हणून ठळक काढताना मंद टिकवायचा असेल तर २ पुन्हा पाठवावा लागतो. आणखी एक: पुष्कळ टर्मिनलवर ठळक केलेला ३१ हा आपोआप उजळ लाल होतो. आठच रंग होते तेव्हा तीव्रता वाढवायला ठळकचाच वापर होई, त्याची ही खूण. वापरकर्ता ही सोय सेटिंगमधून बंद करू शकतो, म्हणून उजळ रंग हवा असेल तर ९१ मागा, ठळकच्या आधाराने मिळवू नका.

नावांचा घोळ मात्र खराच त्रासदायक आहे. डॉटनेटच्या कन्सोलकलरमध्ये ‘रेड’ म्हणजे उजळ लाल. साधा लाल हवा तर ‘डार्करेड’ म्हणायचं. रस्टच्या क्रॉसटर्ममध्येही तसंच. रस्टच्याच अॅन्सी_टर्ममध्ये मात्र ‘रेड’ म्हणजे ३१. एका लायब्ररीतून दुसरीकडे गेलेल्या माणसाला कोड न बदलता रंग बदललेले दिसतात. माझा कौल ३१ ला ‘लाल’ आणि ९१ ला ‘उजळ लाल’ म्हणण्याकडे आहे, कारण मानकाच्या क्रमाशी ते जुळतं आणि टर्मिनलच्या सेटिंगमध्येही बहुधा तीच नावं दिसतात. काही ठरवलं तरी प्रत्येक नावापुढे त्याचा आकडा दस्तऐवजात लिहाच.

उजळ रंगांबद्दल एक इशारा देणं आवश्यक वाटतं. ईथन शूनओव्हर यांची सोलराइज्ड ही रंगयोजना २०११ पासून फार लोकप्रिय आहे. तिने उजळ आठ जागांपैकी बऱ्याच जागा राखाडी छटांसाठी वापरल्या आहेत. तिच्या गडद रूपात ‘उजळ काळा’ हा पार्श्वभूमीचाच रंग आहे. म्हणजे कमी महत्त्वाचा मजकूर फिका दिसावा म्हणून ९० वापरणाऱ्या प्रोग्रामचा तो मजकूर तिथे दिसतच नाही. लायब्ररीने ९० काढून टाकावा असं मी म्हणणार नाही, पण ‘फिका मजकूर’ अशी तयार शैली देणार असाल तर ती मंद या गुणधर्मावर, म्हणजे २ वर बांधा.

आता रंग उतरवण्याकडे येऊ. प्रोग्रामरने आरजीबी दिला आहे आणि समोरच्या टर्मिनलला २५६ च रंग येतात, तेव्हा जवळचा रंग शोधावा लागतो. न शोधता आदेश तसाच पाठवला तर काय होतं? ३८ न कळणारं टर्मिनल तो सोडून देतं आणि पुढचे आकडे स्वतंत्र आदेश समजतं. ‘३८;५;१’ मधला ५ म्हणजे लुकलुकणं आणि १ म्हणजे ठळक. लाल मागावा आणि मजकूर लुकलुकावा, असा हा प्रकार.

२५६ च्या सारणीत पहिल्या १६ जागा वापरकर्त्याच्या, १६ ते २३१ हा सहा गुणिले सहा गुणिले सहाचा घन आणि २३२ ते २५५ या २४ राखाडी छटा. आरजीबी उतरवताना पहिल्या १६ कडे बघायचंच नाही, कारण तिथे काय भरलंय ते आपल्याला माहीत नसतं. घनातला क्रमांक काढायचं सूत्र: १६ अधिक लाल-पायरी गुणिले ३६, अधिक हिरवी-पायरी गुणिले ६, अधिक निळी-पायरी. पायऱ्या ० ते ५. केशरी २५५, १३५, ० च्या पायऱ्या ५, २, ०, म्हणून १६ अधिक १८० अधिक १२, म्हणजे २०८.

इथली नेहमीची चूक म्हणजे पायरी काढायला किंमतीला ५१ ने भागणं. पायऱ्या समान अंतरावर नाहीत. त्या ०, ९५, १३५, १७५, २१५ आणि २५५ अशा आहेत. १०२ ला ५१ ने भागलं तर दुसरी पायरी, म्हणजे १३५ मिळते. खरं तर १०२ ला ९५ किती तरी जवळ आहे. गडद रंग असे एकेक पायरी वर सरकले की सगळं चित्र धुवट दिसतं. सहाही किंमती एका अॅरेत ठेवा आणि जवळची शोधा, एवढंच करायचं आहे. मग राखाडीचाही उमेदवार काढा. त्या छटा ८ पासून १०-१० ने चढत २३८ पर्यंत जातात. तिन्ही घटक १२८ असलेला राखाडी घनात १३५ वर, म्हणजे १०२ व्या क्रमांकावर जातो. राखाडी पट्टीत तो २४४ वर तंतोतंत सापडतो. दोन्ही उमेदवारांपैकी जवळचा घ्या. जवळ-दूर मोजायला आरजीबीतलं साधं अंतर चालतं, पण डोळ्याला पटणारं उत्तर हवं असेल तर १९७६ ची सीआयई लॅब किंवा ब्योर्न ओटोसन यांची २०२० ची ओकेलॅब वापरा. गणित थोडंच वाढतं, आणि निळ्या-जांभळ्या भागात फरक स्पष्ट दिसतो.

आरजीबीवरून १६ वर उतरणं हे मात्र निव्वळ अंदाजाचं काम आहे. कोणत्या जागी कोणता रंग आहे हे ठाऊक नसताना ‘जवळचा’ शब्दालाच अर्थ उरत नाही. एखादी प्रचलित सारणी गृहीत धरून उत्तर काढता येतं, आणि शेवटचा पर्याय म्हणून ते ठेवावंही. पण त्याआधी प्रोग्रामरला बोलू द्या. गो भाषेतल्या लिप ग्लॉसने हे छान केलं आहे: एकाच रंगासाठी ट्रूकलर, २५६ आणि १६ अशा तिन्ही पातळ्यांचे पर्याय लिहिणाऱ्याने स्वतः द्यावेत, अशी सोय तिथे आहे. ‘हा केशरी, तो नसेल तर २०८, तोही नसेल तर पिवळा’ हे माणूस जितक्या नेमकेपणाने सांगतो तितकं कोणतंही अंतराचं सूत्र सांगू शकत नाही.

समोर काय उपलब्ध आहे हे ओळखण्याचा कोड रंगाच्या टाइपपासून पूर्ण वेगळा ठेवा. त्याने फक्त एक पातळी ठरवावी: रंग नाही, १६, २५६ की ट्रूकलर. आधी ‘नो_कलर’ हे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल पाहा. ते असेल आणि रिकामं नसेल, तर किंमत काहीही असो, रंग बंद. मग आउटपुट खरोखर टर्मिनलला जातंय की फाइलला, ते तपासा. हे स्टँडर्ड आउटपुट आणि स्टँडर्ड एररसाठी वेगवेगळं तपासायचं, कारण वापरकर्ता एक फाइलमध्ये वळवून दुसरं पडद्यावर ठेवू शकतो. ‘टर्म’मध्ये ‘डम्ब’ असेल तर रंग नको. ‘कलरटर्म’मध्ये ‘ट्रूकलर’ किंवा ‘२४बिट’ असेल तर आरजीबी पाठवा. एसएसएचवरून दूरच्या यंत्रावर गेल्यावर हे व्हेरिएबल बहुधा सोबत जात नाही, म्हणून पातळी हाताने सांगायचा मार्ग उघडा ठेवा. विंडोज १० पासून कन्सोलला अॅन्सी कोड कळतात, पण जुन्या कन्सोलच्या खिडकीत ती सोय प्रोग्रामने आधी सुरू करावी लागते. त्याआधीच्या कन्सोलला हे कोड कळत नसत, आणि पायथॉनमधली कलरामा ही लायब्ररी त्या गरजेतून लोकप्रिय झाली.

लिहिताना प्रत्येक तुकड्यानंतर ० पाठवून सगळं पुसायची सवय फार पसरलेली आहे. त्याने बाहेरची शैलीही पुसली जाते. ० ऐवजी ३९ पाठवला तरी लाल वाक्यातल्या निळ्या शब्दानंतरचा मजकूर डिफॉल्टवर येतो, लालवर परत जात नाही. जावास्क्रिप्टमधली चॉक स्ट्रिंगच्या आतले बंद-कोड शोधून त्यांच्यापुढे बाहेरचा रंग पुन्हा घालते. ते चालतं, पण रंगलेली स्ट्रिंग पुन्हा तपासत बसण्यापेक्षा मजकूर आणि शैली यांचे तुकडे शेवटपर्यंत वेगळे ठेवणं मला अधिक पटतं. लिहिणाऱ्या फंक्शनने टर्मिनलची आत्ताची शैली लक्षात ठेवावी, पुढच्या तुकड्याच्या शैलीशी ताडून फक्त फरक पाठवावा. ओळ संपण्याआधी पार्श्वभूमी मात्र नक्की मिटवा. नाहीतर पडदा वर सरकताना नवी ओळ कडेपर्यंत रंगते, आणि ग्रेपने ओळी गाळल्या तर बंद करणारा कोड गाळलेल्या ओळीसोबत जाऊ शकतो.

तुकडे वेगळे ठेवण्याचं आणखी एक कारण मराठी मजकूर हाताळणाऱ्याला लगेच पटेल. ‘किती’ या शब्दात ‘क’ शोधून तो रंगवला, तर रंगाचा आदेश ‘क’ आणि वेलांटी यांच्या मध्ये घुसतो. वेलांटी निराधार होते आणि पुष्कळदा ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसते. ‘क्षेत्र’ किंवा ‘विद्यार्थी’सारख्या शब्दात जोडाक्षरच फुटतं. म्हणून रंगाची सीमा कोडपॉइंटवर किंवा बाइटवर टाकू नका. ती ग्राफीम क्लस्टरच्या, म्हणजे एक अक्षर म्हणून दिसणाऱ्या कोडपॉइंटच्या गटाच्या, कडेला सरकवा. यासाठीचं युनिकोड डेटा असलेलं मॉड्यूल घेताना ते २०२३ च्या युनिकोड १५.१ चं किंवा त्यानंतरचं आहे ना, ते बघा. त्या आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षरं एकाच क्लस्टरमध्ये धरायचा नियम आला आहे. स्तंभ जुळवतानाही रंगाचे आदेश लांबीत मोजले जाणार नाहीत याची काळजी घ्या. मजकूर वेगळा ठेवलेला असेल तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

बाहेरून आलेला मजकूर, म्हणजे फाइलचं नाव, नेटवर्कवरून आलेला संदेश, लॉगमधली ओळ, लिहिण्याआधी त्यातली एस्केप अक्षरं काढून टाका किंवा दिसतील अशी करा. रंगाच्याच वाटेने कर्सर हलवण्याचे आणि पडदा पुसण्याचे आदेशही जातात, आणि कोणी खोडसाळपणे फाइलच्या नावात ते घालू शकतं. तुमची लायब्ररी मजकूर आणि आदेश वेगळे ओळखते, म्हणून हे काम तिच्याइतकं चांगलं दुसरं कोणी करू शकत नाही.

आणि यश-अपयश फक्त हिरव्या-लाल रंगावर सोडू नका. हे दोन रंग वेगळे न दिसणारी माणसं प्रत्येक मोठ्या चमूत असतात, आणि नो_कलर लावणाऱ्यालाही निकाल कळायला हवा. सोबत ‘चूक’ किंवा ‘ठीक’ असा शब्द असावा.

चाचण्या लिहिताना पातळी ही जागतिक व्हेरिएबलमधून न घेता लिहिणाऱ्या फंक्शनला थेट द्या. तेच तुकडे चारही पातळ्यांवर बफरमध्ये लिहून बाइट ताडून बघा. ‘रंग नाही’ या पातळीवर एकही एस्केप उरता कामा नये. नावाचा लाल १६, २५६ आणि ट्रूकलर या तिन्ही पातळ्यांवर ३१ च राहिला पाहिजे. यांपैकी कुठेही त्याचे तीन आकडे झालेले दिसले, तर वापरकर्त्याच्या मालकीचा रंग वाटेत कुठे तरी हिरावला गेला आहे आणि तो कोड शोधून काढायला हवा.